दगडफुलाचे जवळून छायाचित्रण

मसाल्यातील दगडफूल घरोघरी परिचयाचे आहे. परंतु ते फूल नसून बुरशी व शैवाल यांचे सहजीवन होय. सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडले, तेव्हा जाणकारांनीच त्यास विरोध केला.

हिवाळ्यात सह्याद्रीच्या रानात पहाटे दव पडले की खोडांवरील सुकलेले शेवाळ व दगडफूल ओलावा शोषून टवटवीत होतात. ऊन चढताच कोरडे पडतात. म्हणून छायाचित्र सूर्योदयानंतर लगेच घ्यावे. इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. यास्तव कॅमेरा तिपाईवर ठेवून भिंगाचे छिद्र लहान करावे व प्रकाश अधिक वेळ द्यावा. दगडफूल हलत नाही; शेवाळाचे नाजूक दांडे मात्र वाऱ्याने डुलतात, तेव्हा थांबावे.

सोयीसाठी नमुना खरवडू नये. खडकाला घट्ट चिकटून वाढणाऱ्या कित्येक जाती वर्षाला एखादा मिलिमीटरच पसरतात. तळहाताएवढा ठिपका आपल्या आजोबांच्या वयाचाही असू शकेल.