विषापासून प्रतिजैविके : आशा आणि आजची जबाबदारी

गाईला कासदाह (दगडी) झाला की आपण प्रतिजैविकाची इंजेक्शने देतो, सडात ट्यूब सोडतो. परंतु काही वेळा पूर्ण उपचार करूनही गुण येत नाही. याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे रोगजंतू त्या औषधाला दाद देईनासे झालेले असतात. माणसांच्या रोगांतही हेच घडते. अशा जिवाणूंमुळे सन २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. म्हणूनच नव्या औषधांसाठी शास्त्रज्ञ गांधीलमाशी, मधमाशी, विंचू व साप यांच्या विषाचा अभ्यास करीत आहेत.

विष जिवाणूंना कसे मारते?

विषात पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या असतात. मधमाशीच्या वाळविलेल्या विषाचा सुमारे निम्मा भाग 'मेलिटिन' या २६ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा असतो. अशा अनेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार, तर जिवाणूच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पेप्टाइड आवरणाला चिकटते, त्याला भोके पाडते आणि आतील द्रव्य बाहेर पडून जिवाणू मरतो. संपूर्ण आवरण बदलून यातून सुटणे जिवाणूला सहज जमत नाही.

मुख्य अडचण

मेलिटिन आपल्या तांबड्या रक्तपेशीही फोडते. म्हणून विष जसेच्या तसे औषध म्हणून चालत नाही. त्याची रचना बदलून जिवाणूंवरील मारा कायम ठेवणे व आपल्या पेशींचा अपाय कमी करणे, हेच खरे संशोधन आहे.

अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ब्राझीलमधील गांधीलमाशीच्या विषातील १२ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये असे फेरफार केले. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांमधील स्यूडोमोनास जिवाणूंचा संसर्ग चार दिवसांत नाहीसा झाला. सन २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कोरियातील गांधीलमाशीच्या विषावरून तयार केलेल्या पेप्टाइडने, एरवी प्राणघातक ठरणाऱ्या संसर्गातून ८० टक्के उंदीर वाचले. याच विद्यापीठाने सन २०२५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने विषांतील ४ कोटींहून अधिक पेप्टाइडांची छाननी केली. त्यांपैकी ५८ प्रयोगशाळेत तयार करून तपासली असता ५३ पेप्टाइडांनी दाद न देणारे जिवाणू मारले.

मात्र हे सर्व अजून प्रयोगशाळा व उंदरांपुरतेच आहे. जनावरांसाठी असे औषध बाजारात आलेले नाही.

कोलिस्टिनचा धडा

जिवाणूचे आवरण फोडणारे एक पेप्टाइड औषध आपल्याकडे आधीपासूनच आहे, ते म्हणजे कोलिस्टिन. ते विषातले नसून मातीतील जिवाणूपासून मिळते आणि माणसांच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून वापरतात. कोंबड्या व डुकरांच्या खाद्यातून त्याचा सर्रास वापर झाला. सन २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतील जिवाणूंत कोलिस्टिनला दाद न देणारे आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक आढळले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कुक्कुटपालनात व मत्स्यपालनात त्याच्या वापरावर बंदी घातली. उद्या विषापासून औषध आले, तरी असाच बेसुमार वापर झाल्यास त्याचीही हीच गत होईल.

पशुपालकांनी काय करावे?

१) प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. ठरविलेली मात्रा व दिवस पूर्ण करावेत.
२) कासदाह वारंवार होत असल्यास उपचारापूर्वी दुधाचा नमुना तपासून कोणते औषध लागू पडेल ते ठरवावे.
३) औषधाच्या वेष्टनावर दिलेला काळ संपेपर्यंत दूध विकू नये, वासरांनाही पाजू नये.
४) वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देऊ नयेत.
५) गोठा कोरडा ठेवावा, धारेपूर्वी हात व कास स्वच्छ करावी आणि धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत.
६) मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या विषाचे घरगुती प्रयोग करू नयेत. ते जीवघेणे ठरू शकतात.