पिशवीचा आकडा

गेल्या रविवारी वहिनींनी दादाचा पिशवी टांगायचा स्टँड भंगारवाल्याला दिला. लोखंडी दांडा, खाली पाय, वर दोन आकडे. भंगारवाल्याने तो काट्यावर टाकला आणि सत्तर रुपये मोजले. वहिनींनी घासाघीससुद्धा केली नाही. एरवी रद्दीच्या किलोमागे दोन रुपयांसाठी भांडणारी बाई.

दादा पोटाच्या डायलिसिसवर होता, २०१४ ते २०२१. बेंबीशेजारून नळी बसवलेली. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं. पोटाच्या आतलं पातळ अस्तर गाळणीचं काम करतं. मग घाण उतरलेलं पाणी खालच्या पिशवीत काढून नवं भरायचं. दिवसातून तीनदा, दर वेळी अर्धा तास. त्या वेळी पंखा बंद, दार लोटलेलं, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. मशीन लागत नाही, वीज लागत नाही. महिन्याच्या नव्वद पिशव्यांची खोकी टेम्पोने यायची आणि पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या बाजूला रचली जायची. खर्च महिन्याला वीस हजारांच्या वर. तो दादाच्या पेन्शनीतून आणि पुतण्याच्या पगारातून भागला.

हा उपचार आपल्याकडे नव्वदीच्या सुरुवातीला आला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं शहरातल्या ऐपतदारांपुरताच राहिला. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आमच्या शेलूत तेव्हा भाताची खाचरं होती आणि स्टेशनात गाडी थांबली तरी उतरणारे मोजके. खरी गंमत पुढच्या दहा वर्षांत झाली. गंमत म्हणजे आपल्या सरकारी अर्थाने.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचा रायगड होता. डायलिसिस फुकट झालं, आणि हे काम मोठंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण फुकट झालं ते मशीनवरचं. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जायचं, चार-चार तास खुर्चीत पडायचं. योजनेत त्या खुर्चीचे पैसे होते, तिथपर्यंत जाण्याचे नव्हते.

रुळापलीकडच्या कातकरीवाडीतला एकजण असा जात असे. वय चाळिशीचं. दिवाळी झाली की कुटुंबासकट वीटभट्टीवर जाणारा, पावसाळ्याच्या तोंडाला परतणारा. पाय सुजले, धाप लागली, तेव्हा कळलं. वाडीवरून चालत स्टेशन, कर्जत लोकलने कल्याणच्या दिशेला, मग रिक्षा. सोबत बायको, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. परतताना अंगात त्राण नसायचं, तेव्हा ते दोघं आमच्या ओटीवर टेकायचे. एकदा त्याने दाराच्या फटीतून दादाची पिशवी पाहिली. म्हणाला, ‘‘गुरुजी, ह्ये माज्या पोटाला नाय चालायचं?’’

मी त्याच्या डॉक्टरांना विचारलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, घर कुडाचं, जमीन शेणाने सारवलेली, पाणी डोक्यावरून आणलेलं, माणसं निरक्षर. जंतू पोटात गेले तर चार दिवसांत खेळ आटोपेल. भीती खोटी नव्हती. पण ऐकून मी गप्प बसलो, ते आजही बोचतं. कारण जंतुसंसर्ग आमच्याही घरी झालाच होता, चकचकीत लाद्यांच्या खोलीत, बी.एड. झालेल्या माणसाच्या देखरेखीखाली.

२९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. (चार वर्षांनी एकदा येणारी तारीख; वाढदिवस करायची कटकट नको.) अरुण जेटलींच्या भाषणात होतं की देशात दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण या टप्प्याला पोहोचतात, आणि घरच्यांना लांबचे हेलपाटे पडून मजुरी बुडते. दुखणं अचूक सांगितलं होतं. उपाय मात्र पुन्हा खुर्च्याच, फक्त जिल्ह्याच्या गावी. आमचं जिल्ह्याचं गाव अलिबाग. शेलूहून अलिबागला आठवड्यातून दोनदा जाऊन दाखवा! घरच्या पिशवीच्या मार्गदर्शक सूचना यायला २०१९ उजाडलं. आमचा वाडीवरचा माणूस २०१६ च्या पेरणीआधीच गेला. शेवटचे दोन आठवडे त्याने जाणंच सोडलं होतं. भट्टीची उचल फेडायची होती.

त्याच २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजाराहून जास्त माणसं होड्यांतून काढली, दिवसभर टीव्हीवर तेच. ज्यांची त्या दिवशी डायलिसिसची पाळी होती, ते कुठल्याच कॅमेऱ्यात आले नाहीत. दादाने खिडकीतून पाऊस पाहत दुपारची पिशवी बदलली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या तेव्हाही तसंच. मग मोठमोठे डॉक्टर सांगू लागले की घरचं डायलिसिस किती सुरक्षित. लोकल सुरू झाल्या आणि ते बोलणं थांबलं.

बाहेर लोकांनी हे केलंय. थायलंडने २००८ मध्ये सरकारी विम्यात पोटाचंच डायलिसिस आधी, असा नियम केला. सक्ती जाचली, तेव्हा २०२२ मध्ये निवड रुग्णावर सोडली. ऑस्ट्रेलियात पिंटुपी आदिवासींना डायलिसिससाठी वाळवंटातलं घर सोडून शेकडो किलोमीटरवर अॅलिस स्प्रिंग्सला राहावं लागे. २००० साली त्यांच्या चित्रकारांनी चित्रं लिलावात काढली, दहा लाख डॉलरच्या वर जमले, आणि २००४ मध्ये किंटोर या त्यांच्या गावातच डायलिसिस सुरू झालं. आपल्याकडे वारली चित्रं चहाच्या कपांवर असतात.

आता तर शेलू-वांगणीला गिरणी कामगारांची घरं ठरवली आहेत. शेलू मुंबईहून किती लांब, हे त्यांनी २०२५ मध्ये आझाद मैदानात ओरडून सांगितलं. तेच अंतर वाडीवरची माणसं कायम तोडत आली. खालापुरातल्या इर्शाळवाडीला तर पायवाटच होती. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा मदतीची माणसंही चालतच चढली. अशा वस्तीवर मशीन कधी पोहोचायचं? दोन किलोची पिशवी मात्र जाते. मोळ्या उतरवणाऱ्या बायांना तिचं ओझं ते काय!

दादाच्या त्या संसर्गाचा दिवस २०१५ च्या पावसातला. आम्हाला शिकवलं होतं की बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर धरायची. अक्षरं वाचता आली तर पाणी नितळ, नाही तर लगेच दवाखाना. सकाळची वेळ, आभाळ दाटलेलं. वहिनी चष्मा शोधत होत्या, मी दिवा लावला, पेपर पसरला. अक्षरं दिसतात की नाही, यावर आमचं एकमत होईना. तेवढ्यात वाडीवरच्या त्या माणसाची बायको मुठे विकायला आली. उल्हास नदीच्या पाण्यात उभं राहून मासे धरण्यात तिचा जन्म गेलेला. उंबऱ्यातूनच तिने पिशवीकडे पाहिलं.

‘‘वयनी, पानी गढूल हाय.’’

संध्याकाळी दवाखान्यात तेच निघालं. पुढे तिच्या नवऱ्याचे डॉक्टर माझ्यासमोर ‘निरक्षर’ म्हणाले, तेव्हा हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही.