संकल्प सोडण्यापूर्वी

हवामानबदलाच्या संकटावर संकल्प जाहीर करण्याची आता विद्यापीठांतही रीत पडली आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले आणि 'हरित परिसर' हा उच्च शिक्षणातील परवलीचा शब्द झाला. 'नॅक'च्या मूल्यांकनात हरित परीक्षणाला स्थान असल्याने वृक्षारोपणाची छायाचित्रे अहवालांत हमखास झळकतात. झाडे किती लावली हे आवर्जून सांगितले जाते. कोळसा किती जळाला हे मात्र क्वचितच.

उज्जैनच्या संदर्भात हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा याच नगरीतून कल्पिली. सवाई जयसिंगाने येथे अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. त्याच शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी केला. त्यामुळे ही नगरी आम्हा किनारपट्टीवासीयांनाही परकी नाही. तेथे १९५७ साली विक्रम विद्यापीठ स्थापन झाले आणि २०२५ साली त्याला सम्राट विक्रमादित्याचे पूर्ण नाव देण्याची घोषणा झाली. काळ मोजण्याची परंपरा असलेल्या नगरीतील विद्यापीठाने धूर मोजण्यातही अग्रभागी असावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

या हिशेबाचे तीन भाग पडतात. जनित्रातले डिझेल, वसतिगृहातला गॅस आणि विद्यापीठाच्या गाड्यांचे इंधन हा पहिला. विकत घेतलेली वीज हा दुसरा. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे तो सुमारे ०.७ किलो पडतो. म्हणजे बिलांची चवड पुढे घेऊन बसले तर हे दोन्ही आकडे लेखाविभागातील कारकूनही काढू शकेल.

खरी कसोटी कुंपणाबाहेरच्या तिसऱ्या भागाची आहे. या विद्यापीठाचा पसारा उज्जैन, देवास, रतलाम, मंदसौर, नीमच, शाजापूर आणि आगर-माळवा अशा सात जिल्ह्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोचतो. विद्यार्थ्यांची रोजची ये-जा आणि उत्तरपत्रिकांची वाहतूक कोणाच्या खाती लिहायची? अशी अदृश्य ऊर्जा क्षिप्रेच्या पाण्यातही आहे. २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवून क्षिप्रेत सोडले जाते आणि २०१६ च्या सिंहस्थातील भाविकांचे स्नान त्याच पाण्याच्या आधाराने पार पडले. पुण्यस्नानामागेही वीज उभी असते. मग पदवीमागे ती नसेल कशी?

गोव्यातील वाचकांनी हा परमुलखाचा प्रश्न समजू नये. आपल्याकडे येणाऱ्या विजेचा मोठा वाटा कोरबा आणि विंध्याचलच्या औष्णिक केंद्रांतून येतो, आणि विंध्याचल केंद्र मध्य प्रदेशातच, सिंगरौलीला आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात दिवा लागतो, तेव्हा धूर तिकडे निघतो. त्या धुराने तापणारा समुद्र मात्र आपल्या खाजनांच्या बांधांना धडका देतो.

विद्यापीठाचे उत्सर्जन औष्णिक केंद्रापुढे नगण्य आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु उद्या नगरपालिका, वीजमंडळे आणि कारखाने चालवणारे तरुण येथेच घडतात. हिशेबाविना प्रतिज्ञा करण्याची सवय त्यांना येथेच लागली, तर ती पुढे सर्वत्र पसरेल.

पूजेच्या आरंभी यजमान संकल्प सोडतो, तेव्हा देश, काळ, आपले नाव-गोत्र आणि करावयाचे कर्म यांचा स्पष्ट उच्चार करतो. विद्यापीठांच्या संकल्पालाही हाच नियम लागू करावा. कोणत्या वर्षाशी तुलना, कुंपणाबाहेरचे किती धरले, उत्तरदायी अधिकारी कोण, कोणत्या साली किती घट, हे चार तपशील त्यात असलेच पाहिजेत. झाडे अवश्य लावावीत. पण आज जळलेल्या कोळशातून, वाढायला दशके घेणारे रोप आजच वजा करू नये.

आमची सूचना साधी आहे. भौतिकशास्त्र, सांख्यिकी आणि वाणिज्य या विषयांच्या विद्यार्थ्यांकडून दरवर्षी हा हिशेब करून घ्यावा, आणि आकडा वाढला तरी तो वार्षिक अहवालात छापावा. २०२८ च्या सिंहस्थापूर्वी उज्जैनने असा पहिला ताळेबंद प्रसिद्ध केला, तर ताळगावकडेही तो मागण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.