मुलांची भूल, श्वासनळी आणि स्नायू सैल करणारे औषध

टॉन्सिल, दुभंगलेला टाळू किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया करताना मुलाला पूर्ण भूल देतात आणि बहुधा त्याच्या श्वासनलिकेत नळी घालतात. तोंडातून गेलेली ही नळी दोन स्वरतंतूंच्या मधल्या फटीतून आत उतरते. स्वरतंतू आवळलेले असतील किंवा मूल ऐन वेळी खोकले, तर ती अडते. तरीही रेटली तर आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. हे टाळण्यासाठी भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारे औषध शिरेतून देतात. मात्र प्रत्येक मुलाला ते द्यावेच का, यावर भूलशास्त्रात बरीच वर्षे वाद चालला.

वाद मुलांपुरताच जास्त रंगला, कारण मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे डोके मोठे, मान आखूड, जीभ तोंडाच्या मानाने जाड आणि स्वरयंत्र मोठ्यांपेक्षा वरच्या बाजूला असते. नवजात बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या नलिकेला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली की व्यास निम्मा होतो आणि संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो. त्यात वजनाच्या हिशेबाने बाळ मोठ्यांच्या साधारण दुप्पट प्राणवायू वापरते आणि फुप्फुसातला साठा तुटपुंजा असतो. श्वास थांबला तर तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू एक-दोन मिनिटांच्या आतच घसरू लागतो. नळी पहिल्याच प्रयत्नात बसावी, हा आग्रह त्यामुळेच.

औषधाचे काम मर्यादित आहे. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप मिळतो. औषध हा निरोप अडवते. त्याने झोप येत नाही, वेदनाही कमी होत नाही, म्हणून आधी मूल पूर्ण बेशुद्ध झाल्याची खात्री करावी लागते. या औषधांचा मूळपुरुष म्हणजे क्युरारे, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरचे विष. १९४२ च्या जानेवारीत कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत त्याचा वापर केला. गंमत म्हणजे ते रुग्णालय होमिओपॅथिक होते.

१९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन आले. ऑपरेशन थिएटरात त्याला स्कोलिन म्हणतात. मिनिटभरात असर, काही मिनिटांत उतार, त्यामुळे ते लवकरच सगळ्यांच्या हाताशी आले. पण मुलांमध्ये, विशेषतः दुसऱ्यांदा दिल्यावर, नाडी एकदम मंदावू शकते. त्याहून मोठा धोका ड्युशेन या स्नायुविकाराचा. मुलग्यांमध्ये दिसणारा हा आजार तीन-चार वर्षांपर्यंत कळलेलाच नसतो. अशा मुलाला स्कोलिन दिले तर रक्तातले पोटॅशियम झपाट्याने वाढून हृदय बंद पडू शकते. अशा घटना नोंदल्या गेल्यावर १९९० च्या दशकात अमेरिकेत या औषधावर कडक इशारा छापला जाऊ लागला आणि मुलांमधला त्याचा सरसकट वापर थांबला. तातडीची वेळ आणि आवळून बसलेले स्वरयंत्र यांसाठी ते आजही जवळ ठेवतात. शस्त्रक्रियेआधी ‘मूल उशिरा चालायला लागले का, मामाला असा काही आजार होता का’ असे विचारले जाते. आईवडिलांना हे प्रश्न फालतू वाटतात, पण त्यांचा रोख याच आजाराकडे असतो.

स्कोलिन मागे पडत असतानाच सेवोफ्ल्युरेन हा नाकाला न झोंबणारा भुलीचा वायू आणि प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचे भुलीचे औषध हाताशी आले. भूल पुरेशी गाढ केली, जोडीला अफूवर्गीय वेदनाशामक दिले, की स्नायूंचे औषध न देताही नळी घालता येते. मग एक औषध कमी झाले तर बरेच, असा सूर निघाला. पण भूल इतकी गाढ करण्याची किंमत रक्तदाब आणि नाडी मोजतात. मुलांवरच्या तुलनात्मक अभ्यासांचा एकत्रित कौल औषध वापरण्याच्या बाजूने आहे: नळी घालणे सोपे जाते आणि रक्तदाब-नाडीतले बिघाड कमी होतात. नळी अवघड जाईल असे आधीच दिसत असेल, तर मात्र मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच पुढे जाणे बरे.

आता नेहमीच्या कामाला अ‍ॅट्राक्युरियम किंवा रोक्युरोनियम वापरतात. रोक्युरोनियमची मात्रा साधारण किलोला ०.६ मिलिग्रॅम, घाई असेल तर त्याच्या दुप्पटीपर्यंत. मात्रा वाढवली की असर लवकर होतो, पण टिकतोही जास्त. त्यामुळे खरी काळजी नळी काढतानाची. औषधाचा अंश उरला असेल तर मूल डोळे उघडते, पण त्याला नीट श्वास घेता येत नाही. म्हणून मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचे चार हलके झटके देऊन अंगठा किती हलतो ते यंत्राने मोजतात. चौथी हालचाल पहिलीच्या निदान नव्वद टक्के हवी. नुसत्या नजरेने हा फरक ओळखता येत नाही, तरी अनेक ठिकाणी अंदाजावरच भागवले जाते, हे काही चांगले नाही. उतारा म्हणून निओस्टिग्मिन देतात, पण असर गाढ असताना ते पुरे पडत नाही. युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळालेले सुगामाडेक्स रोक्युरोनियमच्या रेणूलाच कवेत घेऊन निष्प्रभ करते, म्हणून गाढ असरही काही मिनिटांत उतरतो. अ‍ॅट्राक्युरियमवर ते चालत नाही. तान्ह्या बाळाला ताकद तपासायला डोके उचलून दाखव असे सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत यंत्राच्या जोडीला ते दोन्ही पाय पोटाकडे जोराने ओढते का, हे पाहतात.