राख, चरबी आणि अंड्याची कसोटी

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात उत्तर अमेरिकेतील शेतकरी कुटुंबे साबण घरीच शिजवीत, कारण त्याला लागणारी चुलीतील राख आणि कापलेल्या जनावरांची चरबी वर्षभर घरातच साठत असे. लिडिया मारिया चाइल्ड यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेवरील पुस्तकात शहरवासीयांनी राख व चरबी देऊन साबण घ्यावा, खेड्यात मात्र तो घरी करणेच काटकसरीचे, असा सल्ला आहे.

तळाशी भोक असलेल्या लाकडी पिंपात गवत अंथरून त्यावर ओक किंवा हिकरीसारख्या कठीण लाकडाची राख भरीत आणि वरून पावसाचे पाणी सावकाश ओतीत. खाली झिरपणाऱ्या तपकिरी क्षारजलात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असे. त्यात चुना मिसळल्यास अधिक दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होई. चरबी पाण्यात उकळून गाळीत आणि थंड झाल्यावर वर गोठलेला थर तेवढा उचलून घेत.

खरे कौशल्य क्षारजलाची तीव्रता ओळखण्यात होते. त्यात अंडे सोडल्यावर त्याचा लहान नाण्याएवढा भाग पाण्याबाहेर राहिला, तर ते योग्य मानीत. अंडे बुडाले, तर पाणी आटवीत. ही कसोटी अपुरीच होती, कारण अंडे द्रवाची घनता दाखवते, दाहकता नव्हे, आणि राखेतील इतर क्षारही घनता वाढवतात. म्हणून शेवटचा निर्णय कढईपाशीच होई: तासन्‌तास ढवळणारी गृहिणी थोडे मिश्रण बशीत गार करून पाही आणि गरजेप्रमाणे चरबी किंवा क्षारजल वाढवी. मापनाचे उपकरण नसताना केलेली ही पारख निव्वळ घरकामात जमा करणे अन्यायाचे आहे.

चरबीच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. क्षारजलातील अल्क त्यांना सोडवून त्यांचे क्षार बनवते, आणि हे क्षार म्हणजेच साबण. या क्रियेला साबणीकरण म्हणतात; चरबीची ही घडण शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ च्या ग्रंथात उलगडली. पोटॅशियमचा साबण लगद्यासारखा मऊ राहतो व पिंपात साठवावा लागतो. वडी हवी असल्यास शेवटी मीठ घालीत, म्हणजे साबण वेगळा होऊन वर येई आणि सोडियममुळे घट्ट होई.

आज घरगुती साबणकार सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तोलून घेतात. गाईच्या चरबीचा साबण कठीण व टिकाऊ असला तरी फेस कमी देतो, म्हणून त्यात खोबरेल मिसळतात. परंतु १ किलो गाईच्या चरबीला सुमारे १४० ग्रॅम, तर तितक्याच खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम सोडा लागत असल्याने मिश्रण बदलले की हिशेब नव्याने मांडावा लागतो.