क्लेच्या गोळ्यात चंद्रपूरची हवा

बल्लारशा स्टेशनाजवळ रोज उघड्यावर उभी राहणारी पांढरी गाडी शाम्पूने स्वच्छ धुवा. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ओल्या बोनेटवरून बोटं फिरवा. डोळ्यांना चकाचक दिसणारा पत्रा बोटांना चक्क खरखरीत लागतो! वाकून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढे तपकिरी टिपके दिसतात. हा गंज पत्र्याचा नाही, बाहेरून आलेल्या लोखंडाचा आहे.

रेल्वेचे ब्रेक, ट्रकचे ब्रेक, वेल्डिंग आणि ग्राइंडिंगची दुकानं, सगळीकडून लोखंडाचे सूक्ष्म कण उडत असतात. कण रंगावर बसतो, दवाने गंजतो, गंजताना फुगतो आणि तिथेच पाय रोवतो. गंमत अशी, की एटापल्लीकडच्या सुरजागडच्या खनिजाची लालभडक धूळ त्या मानाने साधी. त्यातलं हेमॅटाइट म्हणजे आधीच ऑक्सिजनशी जोडलं गेलेलं लोखंड. त्याला आता नव्याने गंजायचं नसतं. भरपूर पाणी मारलं की बरीचशी निघून जाते. कोरड्या फडक्याने पुसलीत तर ओरखडे मात्र ठरलेले.

रुतलेल्या कणांसाठी क्ले बार. तदाओ कोदाते या जपानी संशोधकाला त्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळालं. पॉलिब्युटिनसारखं चिवट पॉलिमर आणि त्यात कालवलेली अतिबारीक घर्षक भुकटी, असा हा गोळा. भुकटी कधी अॅल्युमिनाची, कधी कॅल्शियम कार्बोनेटची. म्हणजे गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांना लागणारी चुनखडीच, रसायनाच्या भाषेत. रंगावरचा पारदर्शक क्लिअरकोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन, केसाहूनही पातळ. शाम्पूच्या पाण्यावरून क्ले त्याच्यावर घसरत जातो आणि वर डोकं काढलेला कण तेवढा उपटून पोटात घेतो. सुरुवातीला हाताखाली सरसर आवाज येतो. थोड्या वेळात तो थांबतो आणि पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागतो.

पोटात घेतलेला कण मात्र जात नाही. भद्रावतीच्या कुंभाराची वाळलेली माती भिजवली की पुन्हा चाकावर चढते, गाळून खडे काढता येतात. क्ले धुऊन निवळत नाही. म्हणून तो दुमडायचा, मळायचा, मळकी बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर. कोरी बाजू उरते तोवर तो चालतो. उलगडावं तिकडे करडाच दिसायला लागला की रंगासाठी संपला. आणि जमिनीवर पडला तर नवाकोरा असला तरी रंगाला लावू नये. त्याला चिकटलेला वाळूचा एक कण क्वार्ट्झचा असतो, क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कठीण. इथे काटकसर महागात पडते.

ठेवायचा तो शाम्पूच्या पाण्याचे दोन थेंब टाकून, घट्ट झाकणाच्या डबीत, सावलीत. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांपर्यंत जातो; बंद गाडीच्या डिकीत तर त्याहून जास्त. तिथे क्ले पाघळून डबीलाच चिकटतो. डिसेंबरच्या सकाळी तोच इतका ताठर होतो, की कोमट पाण्यात बुडवल्याशिवाय वळत नाही.

जुना, करडा पडलेला गोळा फेकायची घाई नको. चाकांच्या रिमवर ब्रेकची काळी भुकटी चिकटलेली असते, तिच्यासाठी तो उत्तम. सिमेंटची धूळ दवात भिजून काचेवर आवळून बसली असेल तर मात्र क्ले फुकट जातो. तिथे पातळ केलेलं व्हिनेगर काचेपुरतं लावावं आणि लगेच धुवावं.