शिकवणी धन्याची

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेच्या परिसरात पसरलेल्या बेला, जैनथ, तामसी आणि भीमपूर या मंडलांत (तेलंगणातील मंडल म्हणजे तालुक्यासारखाच, पण आकाराने लहान महसुली घटक) कुत्रा हा हौसेचा प्राणी असण्याआधी राखणदार असतो. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या शेतांत रानडुकरांचा उपद्रव असल्यामुळे शेतकरी जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीसाठी रानात जातो, तेव्हा कुत्रा त्याच्या सोबतीला असतो; आणि पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचे वाघ अधूनमधून नदी ओलांडून या भागात उतरत असल्याने, हाकेसरशी माघारी फिरणारा कुत्रा आणि प्रत्येक खसफशीमागे धावत सुटणारा कुत्रा यांतला फरक येथे जिवावर बेतू शकतो. कुत्रा ऐकत नसेल, तर दोष त्याच्या जातीला, रक्ताला किंवा हट्टी स्वभावाला दिला जातो. त्या घराचा दिनक्रम मात्र बारकाईने पाहिला, तर असे दिसते की कुत्रा शिकलेलाच असतो. त्याला काय शिकवले जात आहे, याकडे घरातल्या कोणाचे लक्ष नसते, एवढेच.

दिवसा गोठ्याजवळ साखळीने बांधलेला कुत्रा वाटसरूवर भुंकतो, वाटसरू आपल्या वाटेने पुढे जातो, आणि आपल्या भुंकण्यानेच तो गेला असा कुत्र्याचा अनुभव पक्का होतो. त्याचे भुंकणे थांबेना म्हणून घरातले कोणी भाकरीचा तुकडा टाकते, तेव्हा भुंकण्याला बक्षीसही मिळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग 1898 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यांतून पुढे ‘परिणामाचा नियम’ मांडला; ज्या कृतीनंतर प्राण्याला हवे ते मिळते, ती कृती तो पुन्हा करतो, असे या नियमाचे सार आहे. असे मिळणे म्हणजेच प्रबलन, आणि ते दर वेळी न होता कधीमधी होत राहिले, तर जडलेली सवय अधिक चिवट होते. जेवणाच्या ताटाशी येऊन बसणाऱ्या कुत्र्याला चार दिवस हाकलून पाचव्या दिवशी घास देणारे घर त्याला आशा न सोडण्याचाच धडा देत असते.

सीमाभागातील बहुभाषिक घरांत या गोंधळात आणखी भर पडते. बाहेर तेलुगू आणि दख्खनी हिंदी चालते, घरात मराठी किंवा गोंडी बोलली जाते, आणि शाळेत जाणारी मुले इंग्रजी शब्द घेऊन येतात. त्यामुळे एकाच कुत्र्याला आजोबा ‘ये’ म्हणतात, शेतावरचा गडी ‘रा’ म्हणतो आणि नातू ‘कम’ म्हणतो. कुत्रा हे तिन्ही शब्द शिकू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने ते निव्वळ आवाज असतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच्या हाकेमागून कौतुक, दुसऱ्याच्या हाकेमागून साखळी आणि तिसऱ्याच्या हाकेमागून मार येतो. मग हाक कोणत्याही भाषेतली असो, कुत्रा चार पावले दूर थांबून अंदाज घेऊ लागतो.

म्हणूनच शिकवणीचा आरंभ कुत्र्याला हात न लावता, घरातल्यांनी आपल्याच वागण्याची नोंद ठेवण्यापासून करणे श्रेयस्कर ठरते. कुत्रा नको तसे वागला, त्याच्या लगेच आधी काय घडले आणि लगेच नंतर कोणी काय केले, या दोन बाबी काही दिवस टिपल्या की बहुतेक तक्रारींचे मूळ दुसऱ्या बाबीत सापडते. त्यानंतर सर्वांनी मिळून एक शब्द ठरवायचा, तो एकदाच उच्चारायचा, आणि कुत्रा आल्यावर क्षणभरात भाकरीचा लहानसा तुकडा किंवा शाबासकी द्यायची. कारण उशिरा दिलेले बक्षीस हाकेशी न जुळता, मधल्या काळात कुत्र्याने जे काही केले असेल त्याच्याशी जुळते. हाक मारून जवळ आलेल्या कुत्र्याला रागावणे किंवा लगेच बांधणे पूर्णपणे वर्ज्य ठरते. बांधायचे असेल तर आधी त्याला थोडे खाऊ घालावे किंवा आपण त्याच्यापर्यंत चालत जावे.

जुनी सवय मोडताना धन्याची खरी कसोटी लागते. प्रबलन थांबल्यावर सवय हळूहळू विझते, या क्रियेला विलोपन म्हणतात. परंतु विझण्यापूर्वी ती काही काळ उसळते, म्हणजे तुकडा मिळेनासा झालेला कुत्रा पूर्वीपेक्षा मोठ्याने आणि अधिक वेळ भुंकतो. नेमक्या याच वेळी कंटाळून तुकडा टाकला गेला, तर एवढे भुंकावे लागते, हा नवा धडा कुत्र्याला मिळतो.

सवयींच्या मुळाशी समजुती असतात, आणि त्यांतली सर्वांत घट्ट समजूत म्हणजे कुत्र्यावर वचक हवा. तिला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटले ते रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 मधील लांडग्यांच्या कळपातील वर्चस्वाविषयीच्या अभ्यासामुळे; परंतु ते लांडगे बंदिस्त होते. कळपातील वर्चस्वाची ही कल्पना आपल्या 1970 च्या ग्रंथातून लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये दाखवून दिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. केलेली चूक कुत्र्याला कळते, त्याच्या चेहऱ्यावरच ती दिसते, ही दुसरी समजूतही अशीच तपासून घ्यावी लागते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 मधील प्रयोगात कुत्र्यांचा ‘अपराधी’ चेहरा त्यांच्या चुकीवर अवलंबून नसून मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असल्याचे आढळले. सकाळी फाडलेल्या पोत्यासाठी संध्याकाळी दिलेली शिक्षा म्हणूनच पोत्याविषयी काहीही शिकवत नाही. घरी परतणाऱ्या धन्याला भ्यावे, एवढेच ती शिकवते.

पोलीस आणि वन विभागांच्या प्रशिक्षणात शिकवणीतल्या माणसाच्या या वाट्याला रीतसर स्थान दिलेले आहे. हैदराबादजवळच्या मोईनाबाद येथील तेलंगणा पोलिसांच्या केंद्रात असो वा ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात, श्वान आणि त्याला हाताळणारा कर्मचारी कित्येक महिने बरोबरीने शिकतात, कारण एकाने शिकवलेला कुत्रा अनभिज्ञ माणसाच्या हाती दिला की शिक्षण टिकत नाही. शेतकऱ्याच्या घरात असा वेगळा वेळ काढणे शक्य नसते. तेथे धार काढण्याची, भाकरी घालण्याची आणि जागलीला निघण्याची वेळ हीच शिकवणीची वेळ असते. मे महिन्यात येथील तापमान 44 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जात असल्याने, आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवत असल्याने, उन्हाळ्यात हा सराव पहाटेच उरकावा लागतो. दिवसभर आखूड साखळीत ठेवलेल्या कुत्र्याकडून संयमाची अपेक्षा करणेही व्यर्थ असते; 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमाने कुत्र्याला अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हे गुन्हेच मानले आहेत.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या स्वरूपातच आहे. कापूस वेचणीच्या हंगामात दमून आलेल्या घराकडून नियम सैल होतात, आणि अधूनमधून मिळालेली सूट जुनी सवय पुन्हा पक्की करते. त्यामुळे दहा आज्ञांचा संकल्प करण्यापेक्षा हाक एकाच शब्दाने मारणे आणि भुंकण्याला खाणे न देणे, असे दोनच नियम निवडावेत. वेचणीच्या दिवसांतही ते घरातल्या प्रत्येकाला पाळता येतील इतके सोपे असतील, तरच रात्रीच्या रानात हाकेचा उपयोग होतो.